माझ्या मानेवरचा हात

मी गाढव बोलतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग निवांत ऐका. मी हाडामांसाचा नाही, लाकडाचा आहे. विस्कॉन्सिनमधल्या आल्टहाइम नावाच्या छोट्या गावात नाताळच्या देखाव्यात उभं राहायचं, एवढीच माझी नोकरी.

मला घडवलं ओटमार लिंडनर या सुताराने. मरिया, योसेफ, बाळ, मेंढ्या, एक आडमुठा उंट आणि मी, सगळे एकाच हिवाळ्यात, त्याच्या गोठ्याशेजारच्या खोपटात जन्मलो. मरिया माझ्या बाजूला उभी असते आणि तिचा हात माझ्या मानेवर असतो. तो हात ओटमारने माझ्याच लाकडातून कोरला. सुटा हात दरवर्षी नेता-आणताना मोडेल, अशी त्याला धास्ती. मरियेच्या बाहीतून हात निघतच नाही. तिला माझ्याजवळ उभी केली की बाही बरोबर त्या मनगटावर येऊन बसते.

हात कोरताना समोर बसली होती त्याची बायको, एल्सबेथ. गाई पिळून पिळून तिची करंगळी वाकडी झाली होती. ओटमारने तीही तशीच उतरवली. पुढच्या वर्षी एल्सबेथ वारली. त्यांची मुलगी व्हेरोना आता सत्तरीला आली आहे, पण देखावा मांडला की दरवर्षी ती हातमोजा काढते आणि त्या लाकडी हातावर आपला हात ठेवते. थंडीने बोटं लाल होईपर्यंत उभी राहते.

आमची जागा कोर्टासमोरच्या हिरवळीवर. उरलेलं वर्ष आम्ही अग्निशमन दलाच्या शेडमध्ये काढतो. माणसांची एक गंमत सांगतो. फोटो बाळासोबत काढतात, पण मनातलं सांगायला माझ्याकडे येतात. शुक्रवारी तळलेले मासे आणि वर बिअर झाली की कोणी ना कोणी माझ्या कानाशी लागून रडतोच.

मागच्या शरद ऋतूत गावसभेत शिरा कॅप्लान उभ्या राहिल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात, धर्माने ज्यू. त्या म्हणाल्या, "देखावा सुंदर आहे. पण कोर्टात आम्ही सगळेच येतो. त्याच्या दारात एकाच धर्माचं मांडलं की माझ्या मुलीला वाटतं, आपण इथे पाहुणे आहोत. दुसरीकडे मांडा, एवढंच म्हणणं आहे."

झालं. बेकरीत लोक त्यांच्याकडे पाठ फिरवू लागले. व्हेरोनानेही फिरवली. उलट बाजूला, देखावा कायमचा बंद करा म्हणणारेही निघाले. हे सगळं मला शेडमध्ये बसल्या बसल्या कळत होतं, कारण दलाचे लोक माझ्यावर कोट टाकून तासन्‌तास यावरच भांडायचे.

गावसभेचा अध्यक्ष दुएन फिस्टर. माणूस वाईट नाही, पण कोणी रुसलेलं त्याला बघवत नाही. त्याने तोडगा काढला. "माणसं शेडमध्ये ठेवा, जनावरं मांडा. जनावरांना कुठला आलाय धर्म? याला म्हणायचं हिवाळी देखावा." आणि मरियेच्या जागी त्याने प्लॅस्टिकचा हिममानव आणून उभा केला.

माझ्या मानेवरच्या हाताचा विचार कोणी केलाच नाही.

आता डोळ्यांपुढे आणा. बर्फात एक गाढव, आणि त्याच्या मानेवर मनगटापासून तुटलेला बाईचा हात. पहिल्याच दिवशी दोन पोरं किंचाळत आईकडे पळाली. दुएनने मला मफलर गुंडाळला. वाऱ्याने तो सोडवून हिममानवाच्या अंगावर टाकला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि मरियेची आठवण येत होती ती वेगळीच.

शेवटी एका सकाळी दुएन करवत घेऊन आला. "लाकूडच आहे, दोन मिनिटांचं काम," असं स्वतःलाच सांगत होता. करवतीचे दात मनगटाला टेकले. मी घाबरलो, सरळ सांगतो.

रस्त्यापलीकडच्या घरातून व्हेरोना चपला घालूनच बर्फात धावली. "दुएन, तो माझ्या आईचा हात आहे रे."

"व्हेरोनाबाई, मी तरी काय करू? कोणाचं मन दुखायला नको म्हणून..."

"कोणाचं?" शाळेत निघालेल्या शिरा कॅप्लान फाटकापाशी थांबल्या होत्या. "माझं ना? मग मला विचारलंत का? मी जागा बदला म्हटलं होतं. गाढवाला करवत लावा म्हटलं नव्हतं. ठेवा ती खाली."

दुएनने करवत ठेवली. त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं, कारण तो माझ्या पाठीवरच बसला.

व्हेरोना शिराबाईंकडे वळली. मग तिने आपल्या अंगणाकडे बोट दाखवलं. "तिथे मांडलं तर?"

"ते तुमचं अंगण आहे. तिथे उंट नाचवा."

त्याच दुपारी आमची वरात रस्ता ओलांडून गेली. मरियेला पुढून दुएनने धरलं, मागून या दोघींनी.

"मला तुझं म्हणणं अजून पटलेलं नाही," व्हेरोना म्हणाली.

"मलाही तुमचं नाही. नीट धरा, जड आहे ही."

मरिया माझ्याजवळ टेकली. बाही मनगटावर बसली आणि माझ्या लाकडी छातीतला इतक्या दिवसांचा श्वास सुटला. व्हेरोनाने हातमोजा काढून हात ठेवला. मग शिराबाईंना म्हणाली, "हातमोजा काढ. करंगळी बघ." शिराबाईंनी हातमोजा काढून त्या वाकड्या करंगळीला हात लावला, आणि मग दोघी सफरचंदाचं गरम सरबत प्यायला आत गेल्या.

आता मी या अंगणात उभा आहे. बाळ आहे, योसेफ आहे, उंट नेहमीसारखा तोंड वाकडं करून आहे. मनगटावर करवतीचा एक बारीक ओरखडा राहिला, तो असू दे. तुम्हाला एकच विनंती. कोणाचं मन दुखेल या भीतीने काही कापायला निघालात, तर आधी त्याच्या दारात जाऊन त्याला विचारा.

समोर कोर्टाच्या हिरवळीवर हिममानव एकटाच दिसतो. माझा मफलर अजून त्याच्याच गळ्यात आहे. राहू दे त्याला. माझ्या मानेवर हात आहे.