खरं मशीन असलेला माणूस

शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात त्यानं बनवले होते, पण त्यांतल्या एकालाही तो ओळखत नव्हता. कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे साचे डब्यात घालून पाठवायचे, सोबत चिठ्ठी असायची: वरची पूर्ण, रंग अमुक, वय तमुक. तो प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, पक्की कवळी घासून चकचकीत करायचा आणि डबा परत पाठवायचा. रस्त्यात कुणी हसलं की त्याची नजर आधी तोंडाकडे जायची. आपलं काम दिसलं तर मनातल्या मनात खूश होऊन तो मान खाली घालून पुढे निघायचा. ओळख सांगायची तरी काय?

शाळेपासून त्याला सगळे घुम्या म्हणत. लग्न झालं नाही. म्हणजे ठरवून टाळलं असंही नाही, राहून गेलं. वर्कशॉपच्या वर दोन खोल्या, तिथे तो आणि आई. आई दिवसभर बोलायची आणि तो ‘हं’ म्हणायचा. गेल्या वर्षी आई गेली आणि ‘हं’ म्हणायलाही कारण उरलं नाही.

ताई दोन तासांच्या अंतरावर राहायची. आईचं कपाट आवरायला ती आली, तेव्हा माळ्यावरून एक खोकं खाली आलं. आत त्याचा तरुणपणीचा कॉम्प्युटर होता. कीबोर्ड आणि मशीन एकाच डब्यात, जाडजूड टाइपरायटरसारखा. त्या काळी त्यानं हौसेनं त्यात जास्त ताकदीचा प्रोसेसर आणि वाढीव मेमरीही बसवून घेतली होती. ताई म्हणाली, भंगारात दे. तो म्हणाला, बघतो. त्याच्या ‘बघतो’चा अर्थ ‘नाही’ असतो, हे ताईला पन्नास वर्षांपासून पाठ होतं.

आता याचं काही करता येईल का, हे त्यानं लॅपटॉपवर शोधलं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली युनिक्ससारखी एक ऑपरेटिंग सिस्टीम होती. मोठमोठ्या कॉम्प्युटरवर चालणारी, फुकट वाटलेली, आणि कुणाच्या तरी हट्टापायी अशा जुन्यापान्या मशीनसाठीही जपलेली. त्या लोकांच्या ईमेलच्या यादीत त्याला नऊ दिवसांपूर्वीचं एक पत्र सापडलं. त्यात लिहिलं होतं की, गेल्या तीन वर्षांत या मॉडेलवर सिस्टीम बसवल्याचं कुणीही कळवलेलं नाही. चाचण्या होतात त्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर. पुढच्या आवृत्तीतून हे मॉडेल वगळावं असं ठरतंय. कुणाकडे खरं मशीन असेल तर महिन्याभरात बसवून अहवाल पाठवावा. खाली एकही उत्तर नव्हतं.

त्यानं दोन वाक्यं लिहिली. ‘माझ्याकडे खरं मशीन आहे. चालतं की नाही माहीत नाही.’

बारा मिनिटांत उत्तर आलं. लिहिणाऱ्यानं खाली नुसती आद्याक्षरं टाकली होती. आधी झाकण उघडा आणि बॅटरी बघा, असं पहिलंच वाक्य.

बॅटरी फुटून वाहिली होती. बोर्डाच्या कोपऱ्यावर हिरवं बुरशीसारखं साचलं होतं आणि त्याखालच्या तांब्याच्या रेघा खाल्ल्या गेल्या होत्या. दुसरा कुणी असता तर त्यानं हात टेकले असते, पण नको तेवढं खरवडून हवं तेवढं राखायचं हे तर घुम्याचं रोजचंच काम. भिंग डोळ्याला लावून, कवळीला वापरतात त्या बारीक सुईनं त्यानं ते साफ केलं, कापसानं व्हिनेगर फिरवलं, तीन ठिकाणी केसाएवढी तार सोल्डर केली. त्या आठवड्यात दोन कवळ्या उशिरा गेल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच. डॉक्टरच्या कंपाउंडरनं फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना?

मशीन सुरू झालं, पण सिस्टीम बसेना. फ्लॉपी कुरकुरत वाचली जायची, पडद्यावर आठ-दहा ओळी उमटायच्या आणि सगळं गोठायचं. त्यानं त्या ओळी जशाच्या तशा उतरवून पाठवल्या. उत्तरं येत गेली, रोज एक-दोन. हे करून बघा, ते काढून बघा. पत्रांत फालतू शब्द नसायचा. सहाव्या दिवशी त्यानं सहज मेमरीच्या कार्डावर बोट दाबून धरलं आणि मशीन पुढे सरकलं. बोट काढलं की बंद. त्यानं कळवलं की एक दात हलतोय. समोरून विचारणा झाली, कसला दात? त्यानं संकोचत आपला धंदा सांगितला. मग समोरच्यानंही सांगितलं: मी शाळेत गणिताची बाई होते. आता वय एक्याऐंशी. इतके दिवस तो ज्यांना साहेब म्हणत होता, त्या बाई निघाल्या.

त्यांचं स्वतःचं मशीन चार वर्षांपूर्वी जळालं होतं. तरीही सिस्टीमचा या मॉडेलपुरता प्रोग्रॅम त्या सांभाळत होत्या, नकलेवर चालवून बघत. घरात मूल नसताना अंगडी शिवावीत तसं आहे हे, असं त्यांनी एकदा लिहिलं, आणि लगेच पुढच्या ओळीत फ्लॉपीबद्दलची सूचना.

त्यानं मेमरीच्या कार्डाचा हलणारा सांधा नव्यानं सोल्डर केला. सिस्टीम बसायला पूर्ण दोन दिवस लागले. एकेक फाईल उलगडताना मशीनवरचा छोटा दिवा लुकलुकायचा. तो वर्कशॉपमधून दर तासाला जिना चढून यायचा, बघायचा, परत जायचा. घरात कुणी आजारी असलं की माणूस असंच करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीननं नाव विचारलं. त्यानं स्वतःचं खातं उघडलं. ही सिस्टीम अनेकांनी एकाच वेळी वापरावी म्हणून बनवलेली. या क्षणी मशीनवर कोण कोण आहे, हे विचारायची त्यात एक आज्ञा होती. त्यानं ती दिली. एकच ओळ आली, त्याच्या नावाची.

मग त्यानं अहवाल पाठवला. महिना संपायला पाच दिवस होते. यादीवर निर्णय जाहीर झाला की मॉडेल राहील. तिघाचौघांनी अभिनंदन केलं. बाईंनी मात्र यादीवर नाही, त्याला एकट्याला लिहिलं. मला आत येता येईल का?

दुसऱ्या देशातून, इंटरनेटवरून, त्याच्या या मशीनमध्ये. त्यासाठी त्यानं ते लॅपटॉपला केबलनं जोडलं आणि बाईंचं खातं उघडलं. गुरुवारी दुपारी चारची वेळ ठरली. साडेतीनलाच त्यानं हात धुतले, शर्ट बदलला, आणि आपण शर्ट का बदलला ते त्यालाही कळलं नाही. चार वाजून दोन मिनिटांनी त्यानं पुन्हा ती आज्ञा दिली. या वेळी दोन ओळी आल्या.

पडदा दोन भागांत विभागून एकमेकांना लिहायची सोय त्या सिस्टीममध्ये होती. अक्षर टाइप होईल तसं समोर दिसायचं, खाडाखोडीसकट. बाईंची अक्षरं सावकाश येत होती, मध्ये थांबत होती. भाषा दोघांनाही परकी, त्यामुळे तोलूनमापून लिहावं लागे.

‘मशीन हळू आहे,’ बाईंनी लिहिलं.

‘हो. माफ करा.’

‘नाही नाही. असंच असायचं. नकलेत ते नको इतकं वेगानं चालतं. आत्ता फ्लॉपीचा आवाज येतोय का?’

त्यानं कान दिला. ‘खर्र, मग टक टक टक. मग गप्प.’

खालच्या अर्ध्या पडद्यावर सावकाश अक्षरं उमटली. ‘तीन वेळा टक. बरोबर आहे.’

त्यानंतर दर गुरुवारी चारला बाई यायच्या. बोलणं कामाचंच असायचं, पण कडेकडेनं दुसरंही यायचं. बाईंच्या खिडकीसमोर बसचा थांबा होता, पण त्या कधी कुठे जात नसत. त्यानं लिहिलं की, आई गेल्यावरही तो भाजी दोघांपुरतीच आणायचा, उरलेली दुसऱ्या दिवशी खायचा, आणि हे कुणाला कळलेलं नाही. बाईंनी त्यावर सल्ला दिला नाही. ‘मी सहा वर्षं तेच केलं,’ एवढंच लिहिलं.

ताई एका गुरुवारी न सांगता आली. भाऊ धुतलेल्या शर्टात पडद्यासमोर बसून स्वतःशी हसताना तिनं पाहिला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“कोण आहे रे?” तिनं हळूच विचारलं.

“एक बाई आहेत.”

“मला वाटलंच होतं. वय काय?”

“एक्याऐंशी.”

ताई खुर्चीत बसली. चहा झाल्यावर तिनं कप हातात घेतला. मग म्हणाली, “मग तू एवढा आनंदात का आहेस?” जाताना तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आई गेली त्या दिवशीही तिनं तसं केलं नव्हतं.

थंडी संपत आली तशी बाईंच्या लिहिण्यात चुका वाढल्या. ओळी अर्ध्यावर तुटायला लागल्या. एका गुरुवारी त्यांनी सरळ सांगितलं. डोळ्यांनी आता साथ सोडलीय. अक्षर कितीही मोठं केलं तरी मधोमध काळा डाग दिसतो, कडेनं वाचावं लागतं. वाचून दाखवणारी यंत्रं असतात, पण नवं यंत्र शिकायचा दम आता उरलेला नाही. प्रोग्रॅम सांभाळायला एक तरुण तयार झालाय, त्याच्याकडे सगळं सोपवतेय.

घुम्यानं कधी नव्हे ते धाडस केलं. ‘मी फोन करू का?’

त्यांनी नंबर दिला. रविवारी त्यानं फोन लावला. आवाज त्याच्या कल्पनेपेक्षा जाड होता, शाळेतल्या बाईंचा असतो तसा. तब्येत कशी आहे, बरी आहे. तिकडे थंडी आहे का, आहे. परकी भाषा बोटांवर जशी जमायची तशी जिभेवर जमेना. पडद्यावर थांबलं तर समोरचा विचार करतोय असं वाटायचं; फोनवर थांबलं की नुसती शांतता व्हायची. दोघंही एकदमच बोलायचे आणि दोघंही एकदमच माफी मागायचे. चार मिनिटांत फोन संपला. ठेवताना बाई म्हणाल्या, “तुमचे आभार.” तो म्हणाला, “हं.” फोन ठेवल्यावर त्याला बोलायच्या पन्नास गोष्टी आठवल्या.

पुन्हा फोन करायचं दोघांनीही टाळलं. बाईंनी कळवलं की शेजारीण शनिवारी येऊन पत्रं वाचून दाखवते, तेव्हा लिहीत जा. तो लिहायचा, पण तिसऱ्या माणसाच्या तोंडून जायचंय म्हटल्यावर पत्रं आपोआप सरळसोट व्हायची. भाजीचं त्यात येत नसे.

पावसाळ्यानंतर नवी आवृत्ती आली. नव्या तरुणाकडेही खरं मशीन नव्हतं. त्यानं यादीवर विचारलं, कुणी बसवून बघेल का? घुम्यानं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं की चार दिवस काम घेणार नाही. बसवली. एका ठिकाणी अडली, ते कारण त्याचं त्यालाच सापडलं, कुणाला विचारावं लागलं नाही. अहवाल यादीवर गेला. एक प्रत त्यानं बाईंनाही पाठवली: कोणत्या फाईलला किती मिनिटं, कोणत्या टप्प्यावर मेमरी किती उरली, सगळं. शेवटी काही लिहावं म्हणून त्यानं तीनदा सुरुवात केली आणि तीनदा पुसलं.

सोमवारी शेजारणीचं उत्तर आलं. लिहिलं होतं: त्यांनी मला पत्र दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा फक्त आकडे.