बाहेर मम्मी म्हणायचं

“बा, पाछुं पूछुं छुं. छोकरीनां मम्मी-पप्पा सगामां तो नथी ने?”

डॉक्टर नयनाबेननी पेन थांबवून, मुलीचे आई-बाप नात्यातले तर नाहीत ना, हे पुन्हा विचारलं आणि विजयमालाबाईंनी सवयीनं मान हलवली.

“ना रे ना, बेन. करजणनी छोकरी छे. ओळखाणमांथी आव्युं.”

शेजारच्या खुर्चीवर त्यांची सून मोहना लेकीला, शिवांगीला, मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

मोहना करजणची होती, यात खोटं काही नव्हतं. फक्त ती करजणच्या हंबीररावांची मुलगी होती आणि हंबीरराव हे विजयमालाबाईंचे सख्खे धाकटे भाऊ होते, एवढं सांगायचं दर वेळी राहून जात होतं. म्हणजे बाईंच्या मुलानं, प्रतापसिंहानं, मामाची मुलगी केली होती. यात लपवण्यासारखं काय, असं कुणीही मराठी माणूस विचारील. पणजोबा बडोदे सरकारच्या फौजेत होते तेव्हापासून यांच्या घरात मुली अशाच इकडच्या तिकडे जात-येत होत्या. भाच्याचा मामाच्या मुलीवर पहिला हक्क. पोर परक्या घरी जात नाही, मानपानाची रुसवाफुगवी होत नाही, आणि सासू आत्याच असल्यावर सासुरवास कसला?

पण बडोदं काही नुसतं मराठ्यांचं नाही. सुभानपुऱ्याच्या सोसायटीत बाई ओट्यावर मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करून देत. गिऱ्हाईकं सगळी गुजराती. साडी द्यायला आलेली बाई घटकाभर बसणार, चार घरच्या गोष्टी सांगणार आणि पाचवी काढून घेणार. मोहना लग्न होऊन आली त्याच आठवड्यात कमलाबेननी ते काढून घेतलं. “हाय हाय! मामानी दीकरी? ए तो बेन केवाय!” असं म्हणून त्या अशा काही हसल्या की बाईंना भर दुपारी दार लावून घ्यावंसं वाटलं. सख्ख्या बहिणीशी लग्न लावून दिल्यासारखं ते हसणं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मोहनाला जवळ बसवून सांगितलं, “घरात आत्याच म्हण गं. पण बाहेर मम्मी म्हणायचं. कुणी विचारलं तर ओळखीतलं स्थळ.”

मोहना गुणाची. तिनं ते पाळलं. रिक्षात, बाजारात, पुढं दवाखान्यातही.

दवाखाने मात्र खूप झाले. पहिला मुलगा शौर्य. महिन्याचा असल्यापासून त्याला जुलाब, त्यात रक्त, सारखा ताप, ढुंगणाशी न भरणाऱ्या जखमा. दूध बदललं, डॉक्टर बदलले, अंगारे-धुपारे झाले. वर्षाचा व्हायच्या आत तो गेला. दात येताना होतं असं, लोक म्हणाले. मग शिवांगी झाली आणि दीड महिन्यात तिच्या लंगोटाला रक्त लागलं. मोहना त्या लंगोटाकडे बघत नुसती उभी राहिली होती. बाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि धुवायला बसल्या. तेव्हापासून त्या धूतच होत्या. आता पोर अडीच वर्षांची झाली, तरी उचलली की वर्षाच्या मुलाएवढीच लागे. प्रतापसिंह करजणकडच्या कारखान्यात पाळ्या करून घरी यायचा, झोपलेल्या पोरीच्या कपाळाला हात लावून बघायचा आणि न बोलता जेवायला बसायचा. सगळ्या घराला थकवा आला होता. शेजारणी विचारत, केम छो, आणि बाई मजामां म्हणत.

नयनाबेननी पेन खाली ठेवली. त्या गुजरातीतच बोलत होत्या, पण आता सावकाश, एकेक शब्द पोचवत.

“बा, मी तीच ती गोष्ट का विचारते, ते सांगते. आतड्याला सूज आली की काम झाल्यावर ‘आता बस कर’ असा निरोप शरीर स्वतःच देतं. काही मुलांत तो निरोप पोचतच नाही, म्हणून सूज थांबत नाही. हा दोष जन्माचा असतो. आई-बाप दोघंही धडधाकट असतात, पण दोघांकडूनही तोच दोष आला की मूल आजारी पडतं. एकाच घराण्यातली माणसं असली की असं व्हायचा संभव जास्त. तुम्ही नात्यात नाही म्हणालात, म्हणून मी आधी दुसरे दोष शोधायला रक्त पाठवलं. त्यात काही निघालं नाही, आणि त्यात किती महिने गेले.”

“एटले?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे हाच दोष असेल तर मी देते त्या औषधांनी ही बरी होणार नाही. मी डोस वाढवत राहीन आणि ही खालावत जाईल. तिला दुसऱ्याच्या हाडातला मगज, बोन मॅरो, द्यावा लागेल, तोही वेळेवर. आणि दुसरं काही असेल, तर उगाच एवढ्या मोठ्या दिव्यातून तिला का न्यायचं? म्हणून विचारते.”

पंखा फिरत होता. शिवांगी आईच्या मंगळसूत्राचा मणी तोंडात धरून बसली होती. तिला रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

बाईंना एकदम सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटून गेलं. आता हो म्हणायचं म्हणजे काय, तर हे लग्न मी जमवलं, माझ्या हौसेनं जमवलं, भावाच्या दारात जाऊन पदर पसरून मुलगी मागितली. म्हणजे शौर्यही माझ्याच खात्यावर. आणि कमलाबेन हसली म्हणून मी डॉक्टरांपाशी खोटं बोलत राहिले, ते वेगळंच. मोहनाच्या देखत हे कसं बोलायचं? ती उठून करजणला निघून गेली तर तिला अडवायला कुठलं तोंड आहे?

त्यांनी पोरीच्या पायाकडे पाहिलं. पायातला वाळा घोट्यावरून ढिला होऊन टाचेवर आला होता. बाईंनी तो नीट वर सरकवला.

“बेन,” त्या म्हणाल्या आणि पुढचं मराठीतच बोलल्या, कारण गुजराती त्यांना सुचेना. “ही माझ्या भावाची मुलगी आहे. सख्ख्या भावाची. आमच्यात करतात तसं. मी खोटं सांगत होते. हिला बोलू नका, हिला मीच गप्प बसवलं होतं.”

नयनाबेन रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त डोळ्यांवरचा चष्मा काढला, क्षणभर डोळे चोळले आणि पुन्हा लावला. “तमारा लोकोमां तो रिवाज छे, बा. एमां शरम शानी?” एवढंच म्हणून त्या पुढचं लिहायला लागल्या.

एवढी वर्षं जिच्यापायी जीव मुठीत धरला होता, ती शरम एका वाक्यात संपली. बाईंना रडू आलं नाही. त्यांना वाटलं, इथंच खाली आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

बाहेर गोत्री रोडवर दोघी रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. मोहना रस्त्याकडे बघतच म्हणाली, “तुम्ही नसता बोललात, तर आज मी बोलणार होते. ठरवून आले होते.”

“मग मघाशी का नाही बोललीस?”

“तुम्हाला खोटं पाडून?” मोहनानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “एकदा तरी तुम्हीच सांगाल असं वाटत होतं.”

 तिनं शिवी दिली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

रक्त पुन्हा पाठवलं गेलं. उत्तर यायला नवरात्र उलटलं. दोष तोच निघाला, दोन्हीकडून आलेला. नयनाबेननी प्रतापसिंह आणि मोहनाला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. मगज जुळणारा माणूस शोधावा लागेल. सख्खं भावंड असतं तर पहिल्यांदा त्याचाच बघितला असता. तिथं सगळेच खाली बघायला लागले. मग त्या म्हणाल्या, “पण जिथं नात्यात लग्नं होतात, त्या घरात कधी कधी आजी, मामा, काका, कुणाचंही जुळून जातं. सगळ्यांना बोलवा.”

करजणहून हंबीरराव आले, त्यांचा मुलगा आला. रक्त द्यायला सगळ्यांत आधी विजयमालाबाई बसल्या. वयामुळं कदाचित चालणार नाही, असं प्रयोगशाळेतली मुलगी म्हणत होती. बघा तरी, बाई म्हणाल्या. त्यांनी बांगड्या वर सारल्या. मुलीनं पट्टा आवळला, शीर चाचपली, सुई टोचली. रक्त आलं नाही. पुन्हा टोचली, तरी नाही.

“सॉरी, बा. नस पकडाती नथी. बहु दुखे छे?”

“ना,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा हात पुढं केला.