जाड रबराचा सूट

सुनेने पुन्हा पाण्यात उतरायचं ठरवलं, तेव्हापासून सासूने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. ताट वाढायची, दिवा मालवायची, पण चकार शब्द नाही. सुनेनेही विषय ताणला नाही. घरात दोघीच उरलेल्या, रुसून जाणार तरी कुठे?

सून आणि तिचा नवरा, दोघंही डायव्हर. सरोवरातल्या धक्क्याचे खांब तपासायचे, बोटींच्या बुडाचं शेवाळ खरवडायचं, असली कामं. एक खाली गेला की दुसऱ्याने वर दोर धरायचा. गेल्या हिवाळ्यात तो खाली होता आणि दोर तिच्या हातात होता. एका खांबातून बाहेर आलेल्या गजात त्याचा ड्रायसूट अडकला आणि मांडीपासून पोटरीपर्यंत फाटला. त्या सुटाच्या आत लोकरीचे कपडे कोरडे राहतात, म्हणून तर माणूस असल्या गारठ्यात तग धरतो. तिने जीव खाऊन ओढलं, पण सुटात पाणी भरलेला माणूस एकटीला कसा पेलणार? चौघं धावून आले. तो वर आला तेव्हा श्वास चालू होता. दवाखान्याच्या दारात तो श्वासही थांबला.

नंतर तिला कंपनीने ऑफिसात बसवलं. इतरांना कामावर पाठवायचं आणि ते वर आल्याचा फोन येईपर्यंत जीव टांगणीला लावून बसायचं. त्यापेक्षा आपणच खाली गेलेलं बरं, असं तिला वाटू लागलं.

सूट घ्यायला ती निघाली, तर सासू कोट घालून दारात उभी.

"मी येते," एवढंच म्हणाली.

दुकानदाराला सगळे डायव्हर मामा म्हणत. एरवी गिऱ्हाइकाला बोलू न देणारा माणूस, पण या दोघींना पाहून आधी उठून उभा राहिला. दोन खुर्च्या पुसून दिल्या आणि एक पातळ निळा सूट टेबलावर पसरला.

"हा हलका आहे. तीन पदरी कापड. घडी करून पिशवीत जातो, वाळतोही लवकर."

"टिकायला?" सुनेने विचारलं.

"हौशी लोकांना पुष्कळ टिकतो. तुझ्या कामाला…" मामाने तो परत गुंडाळायला घेतला. "तुला रबराचाच लागेल. वजनाला धोंडा आहे, घालताना मला शिव्या देशील. पण घासला तरी सहज फाटत नाही, गुडघ्यांना वेगळा थर आहे, आणि भोक पडलंच तर ठिगळ पक्कं बसतं."

सासूने काळ्या रबरावर हात फिरवला. मग दोन्ही मुठींत सुटाचा पाय धरून ताणून पाहिला. चेहरा लाल होईपर्यंत ताणला.

"गजाने फाटेल का?" तिने विचारलं.

मामाने खोटं बोलायला तोंड उघडलं असावं, पण त्याला ते जमलं नाही. "ताई, गजापुढे कशाचीच खात्री देता येत नाही. याला वेळ जास्त लागेल, एवढं सांगतो."

सुनेने सूट चढवला. पाय गेले, हात गेले, पण गळ्याची पट्टी घट्ट होती. त्यातून डोकं बाहेर येईना. आत अंधार, रबराचा वास. ती शांतपणे हनुवटी खाली घेऊन वाट काढत होती, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी पट्टीत बोटं घालून जोरात ओढलं. डोकं बाहेर आलं, तर समोर सासू. तिची बोटं अजून पट्टीतच होती.

"दिसेनाशी झालीस," सासू म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. तेराव्यालासुद्धा न रडलेली बाई सुनेचं डोकं छातीशी धरून हमसून हमसून रडली. मामा काहीतरी शोधायच्या निमित्ताने आत निघून गेला.

सुनेला हात उचलता येत नव्हते, इतकं ते रबर जड होतं. ती तशीच उभी राहिली. "मी दोर नीट ओढला होता, आई," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. मी कधी काही म्हटलं का?"

"म्हटलं नाहीत, म्हणूनच तर."

सासूने पदराने तिचा चेहरा पुसला. "घे हाच," म्हणाली.

पहिल्या दिवशी सासू धक्क्यावर आली. पाण्याच्या कडेला मात्र गेली नाही, मागे भिंतीला टेकून उभी राहिली. सून काम उरकून वर आली, सूट उतरवला, तेव्हा सासूने तिच्या लोकरी कपड्यांवरून खांद्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवला.

"कोरडी आहेस," ती म्हणाली. मग तिची बाही चिमटीत धरून, "दवाखान्यात त्याचे कपडे माझ्या हातात दिले होते. मी ते पिळत बसले होते. पाणी संपेचना."

हे सुनेला माहीत नव्हतं. तिने सासूचे हात आपल्या हातांत घेतले. धक्क्यावर नुसतं उभं राहूनही ते तिच्या हातांपेक्षा गार पडले होते.

"उद्या पुन्हा आहे का काम?" सासूने विचारलं.

"आहे."

"बरं," सासू म्हणाली, आणि सुटाची एक बाजू उचलायला वाकली.