शर्टांना इस्त्री करणारी बाई

ब्युनोस आयर्सच्या त्या मानसशास्त्र विभागात पहिल्या वर्षाला एकच पुस्तक सक्तीचं लावायचं होतं. समोर दोन होती: एक मनोविश्लेषक डॉक्टर बेरेत्तांचं सिद्धांतावरचं जाडजूड पुस्तक, दुसरं व्यवसायनीतीचं. त्याला अजून कुणी हातही लावला नव्हता. निवडणारे तिघं. या शहरात दुसऱ्याचं मन उघडायला बसायचं, तर आधी आपलं कुणा बुजुर्गापुढे उघडावं लागतं. तिघांतल्या रोक्सानाने ते बेरेत्तांच्या कोचावर वर्षानुवर्षं उघडलं होतं.

"अगं, बेरेत्तांचं पाचवं प्रकरण वाचलंस?" माते चहाचा पेला पुढे सरकवत तिची सहकारी नेलिदा खिदळली. "एक बाई मेलेल्या भावाच्या शर्टांना दर रविवारी इस्त्री करते म्हणे! माझ्याकडे जिवंत नवऱ्याच्या शर्टांनाही होत नाही."

"मुलांना असलंच आवडतं," विभागप्रमुख ओस्वाल्दो म्हणाले. "सिद्धांत पटकन डोक्यात बसतो."

रोक्सानाने ते प्रकरण उघडलं. त्यातली बाई रोसारिओ गावची होती, दातांची डॉक्टर होती. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं. शर्ट मात्र तेच, बटण तुटलेला निळासुद्धा. आणि भावाचा शेवटचा फोन, जो तिने रागाने उचलला नव्हता. हे रोक्सानाने आईलाही सांगितलं नव्हतं. बंद दाराआड एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि त्या शहाण्याने खाली लिहिलं होतं, 'अपराधभावाचा सुबक नमुना'. सुबक! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण मग हेच प्रकरण दर वर्षी तिलाच वर्गात शिकवावं लागलं असतं.

"नीतीचं लावा," ती म्हणाली.

"फार रटाळ आहे गं ते. कारण तरी सांग," ओस्वाल्दो म्हणाले.

"कारण ते शर्ट माझ्या कपाटात आहेत! ती बाई मी आहे. एका शब्दाने विचारलं नाही मला. आमच्या दुःखावर यांनी आपली पोळी भाजून घेतली, आणि तुम्ही ती मुलांच्या पानात वाढणार?"

नेलिदाचा चेहरा खर्रकन उतरला. पेल्यातला माते निवून गेला.

ओस्वाल्दोंनी पुस्तक मिटलं. "सातव्या प्रकरणातला माणूस मी," ते हळूच म्हणाले.

"आणि तरी हेच लावायला निघालात?"

"काय करू, रोक्साना? दर मंगळवारी मी अजून त्यांच्याच कोचावर मन उघडायला जातो."

रोक्सानाने नीतीचं पुस्तक त्यांच्या पुढ्यात आदळलं.

"मग या मंगळवारी हे घेऊन जा."