वाळलं म्हणायचा मान

आमच्या घरात गवत कोणीही कापावं, कोणीही उलथावं, पण ‘वाळलं’ असं म्हणायचा मान एकट्या आबांचा. आबा म्हणजे माझे सासरे. ते कुरणाच्या मधोमध जाऊन उभे राहतात, पसरलेल्या ओळीच्या पोटातून मूठभर गवत उपसतात, दोरीला द्यावा तसा त्याला पीळ देतात आणि मूठ कानाशी नेतात. काड्या कडकड मोडल्याचं ऐकू आलं की म्हणतात, ‘वाळलं.’ नाही आलं तर मूठ खाली टाकतात, ‘अजून नाही’ म्हणतात आणि घराकडे चालू लागतात. त्यावर चर्चा नाही.

या मानाला कारणही तसंच आहे. माझ्या लग्नाच्या आधी चुलत सासऱ्यांनी पावसाच्या भीतीने अर्धवट ओलं गवत गोठ्यावरच्या माळ्यावर चढवलं. ओलं गवत दाबून ठेवलं की आतल्या आत तापतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण घाई झाली होती. तापता तापता ते पेटलं आणि गोठा जळून खाली बसला. गायी तेवढ्या वाचल्या. त्या जुन्या गोठ्याच्या भिंतीचे काळे दगड अजून बांधावर पडलेत. आमच्याकडे कोणी घाई करायला लागलं की सासूबाई नुसतं तिकडे बोट दाखवतात.

यंदा मात्र पावसाने आमच्या तोंडचं पाणी पळवलं. पावसाने पाणी पळवावं हे विचित्र वाटेल, पण दुसरा शब्द नाही. कापलेल्या गवताला काय लागतं? ऊन आणि वारा, दोन-तीन दिवस सलग. आणि यंदा सलग असं काही मिळतच नव्हतं. सकाळी लख्ख ऊन, दुपारी भुरभुर, संध्याकाळी पुन्हा ऊन, कोणी वर बसून आमची गंमत बघत असल्यासारखं. नवरा मोबाइलवर हवामान बघायचा, आबा डोंगराकडे बघायचे आणि मी दोरीवरच्या चादरींकडे. तिघांचेही अंदाज सारखेच फसायचे.

आधी ओढ्याकाठचं कुरण कापलं. उलथलं, पुन्हा उलथलं, आबा म्हणाले ‘अजून नाही’, आणि त्याच दुपारी धो धो पाऊस. ते गवत काळं पडलं, कुजट वास यायला लागला, गायींच्या अंगाखाली पसरायच्याच लायकीचं राहिलं. मग उतारावरचं कुरण. तिथेही तेच. निम्मं कसंबसं घरात आलं, पण रंग राखेसारखा. गायींपुढे टाकलं तर त्यांनी वास घेऊन अशा माना फिरवल्या, जणू पाहुण्यांना शिळं वाढलं होतं.

राहिलं वरचं कुरण, सगळ्यात मोठं. एव्हाना गुरांचा व्यापारीही येऊन गेला होता. गोठ्यात शिरून, एकेकीच्या पाठीवर थाप मारत तो म्हणाला, “हिवाळ्यात उपाशी मारण्यापेक्षा आत्ताच निम्म्या देऊन टाका.” नवरा काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मला चांगलं कळतं. वरचं गवत माळ्यावर चढलं तर गायी राहणार, नाही तर निम्म्या त्या व्यापाऱ्याच्या गाडीत चढणार. आणि पहिली चढणार ती ढमी. म्हातारी झालीय, दूध कमी देते. मी या घरात आले तेव्हा मला दूध काढता येत नव्हतं. बाकीच्या गायी लाथा झाडायच्या, ही मात्र मला जमेपर्यंत मुकाट उभी राहायची. ढमी गाडीत चढताना मला बघवलं नसतं.

तर वरचं कुरण. कापून झालं होतं, दोनदा उलथूनही झालं होतं. त्या सकाळी ऊन पडलं आणि वाराही सुटला. मी एकटीच दाताळं घेऊन शेवटचा हात फिरवत होते. दाताळ्याला गवत हलकं लागत होतं, उचलल्यावर खाली पडताना खुळखुळत होतं. मला वाटलं, झालं की हे! पण मला वाटून काय उपयोग? डोंगरामागून ढग डोकं वर काढायला लागले होते, म्हणून मी आबांना बोलावून आणलं.

आबा मधोमध गेले. मूठ उपसली, पीळ दिला, कानाशी नेली. मी ढगांकडे बघत उभी.

“अजून नाही.”

माझं डोकंच सटकलं. मी मनात काही ठेवणारी बाई नाही. आबांनी लग्नानंतर महिन्याभरातच माझं नाव ‘मिरची’ ठेवलंय, आणि उगाच नाही ठेवलेलं.

“आबा, ते ढग बघितलेत का?” मी ओरडलेच.

“बघितले. ढगांना घाबरून गोठा जाळू का?” मग हातातलं गवत टाकून त्यांनी चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाले, “काय वर्ष आलंय बघ, मिरचे. कुरणात एक नाकतोडा ओरडत नाहीये. पावसाने मेले सगळे.”

मी गप्प झाले. हे सहसा होत नाही.

कारण नाकतोडे ओरडत होते. पायाखालून, बांधावरून, कापलेल्या ओळींमधून, सगळीकडून त्यांची किरकिर चालली होती. मी सकाळपासून ती ऐकून वैतागले होते.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. आमच्या घरात हे कळणार तरी कसं? सासूबाईंचा आवाज असा की पलीकडच्या आळीतल्या लोकांनाही आमच्या भाजीत मीठ किती ते कळतं. नवरा बोलतो ते स्वतःच्या शर्टाच्या बटणाशी. त्याचं बोलणं मलाही कळत नाही. आणि मी भांडले की आबा ‘बरं बरं’ म्हणून मान हलवायचे. मला वाटायचं, किती समजूतदार सासरा मिळालाय! माणूस ऐकतच नव्हता. ट्रॅक्टरची घरघर, ढगांचा गडगडाट, सासूबाई, एवढं त्यांना ऐकू येत होतं. बारीक आवाज तेवढे गेले होते. काडी मोडल्याचा आवाज तर सगळ्यात बारीक.

म्हणजे ओढ्याकाठचं गवत वाळलं होतं. उतारावरचंही वाळलं होतं. ते शेतात पडून राहिलं आणि आम्ही पावसाला शिव्या घालत बसलो.

मला राग आला. असा राग की दाताळं तिथेच फेकून द्यावं आणि गावभर ओरडत जावं. तेवढ्यात मी बघितलं. माझं लक्ष नाही असं समजून आबांनी आणखी एक मूठ उचलली होती. त्यांनी तिला पीळ दिला आणि या वेळी ती दुसऱ्या कानाशी नेली. डोळे घट्ट मिटले होते. चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं. आबा घाबरले होते.

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण ढग काही गेले नाहीत.

‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं तोंडावर म्हटलं असतं तर आबा घरी जाऊन पांघरूण घेऊन पडले असते आणि पुन्हा कुरणात फिरकले नसते. ते हो म्हणाल्याशिवाय नवऱ्याने काडी उचलली नसती. तो गोठा त्याने लहानपणी पेटताना बघितलाय. आणि मी ‘वाळलं’ म्हटलं असतं तर सासूबाईंचं बोट होतंच. काय करावं? आबांचे कान गेले होते, पण दात? दात सगळे शाबूत. आल्या-गेल्यासमोर दातांनी अक्रोड फोडून दाखवायचा त्यांना भारी शौक.

मी ओळीच्या तळातून एक जाडसर काडी काढली. गवताची पात आधी वाळते, कांडं मग, आणि जिथे कांड्याला गाठ असते ते पेर सगळ्यात शेवटी. मी आबांच्या अगदी जवळ जाऊन, त्यांच्या तोंडासमोर ती काडी धरली.

“आबा, हे पेर दाताखाली मोडून बघा! पेर मोडलं तर सगळंच वाळलं!”

“गाय समजलीस का मला?”

“अहो, खायचं शेवटी तिलाच आहे. तिच्यासारखंच बघा ना एकदा!”

माझ्याकडे संशयाने बघत त्यांनी काडी तोंडात धरली आणि चावली. जबडा थांबला. त्यांनी स्वतः वाकून दुसरी काडी घेतली, चावली. मग दहा पावलं लांब गेले, तिथल्या ओळीत हात घालून तळातली काडी घेतली, चावली. ढग आता निम्म्या आभाळावर आले होते आणि हा माणूस कुरणभर चरत हिंडत होता. मला हसावं की रडावं कळेना.

“वाळलं,” आबा हळूच म्हणाले, स्वतःशीच. मग घराकडे वळून असे ओरडले की नाकतोडे खरोखरच गप्प झाले. “वाळलं! अरे, ट्रॉली आण! बसलाय काय!”

त्यानंतर काय झालं ते सांगायला मला नीट आठवतही नाही. नवऱ्याने ट्रॅक्टर असा पळवला की फाटकाचा एक खांब अजून वाकडा आहे. मी आणि आबा गवत ट्रॉलीत फेकत होतो. गुडघ्यांच्या नावाने रोज कण्हणाऱ्या सासूबाई ट्रॉलीवर चढून, पदर खोचून, ते पायांनी दाबत होत्या आणि तिथूनच सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. घामाने गवताचा भुसा अंगाला चिकटला, मानेला आग आग झाली. एक खेप, दुसरी खेप, मग मोजणंच सोडलं. वारा थंड झाला. शेवटची ट्रॉली गोठ्यात शिरत असताना माझ्या हातावर पहिला थेंब पडला, आणि ट्रॅक्टर बंद होईपर्यंत बाहेर काही दिसेनासं झालं.

मी ट्रॉलीच्या चाकाला टेकून खाली बसले आणि मला रडू फुटलं. सुटल्याचं रडू. ढमी दावणीतून मान लांब करून माझ्या केसांतलं गवत ओढून खात होती. तिला खाऊ दिलं. ती कुठेही जाणार नव्हती.

सासूबाईंनी किटलीतून चहा ओतला. आबा दारापाशी पाऊस बघत उभे होते. कप हातात तसाच. मग वळून माझ्याजवळ आले.

“मिरचे,” ते म्हणाले, “ओढ्याकाठचं आणि उतारावरचं... तेही वाळलं होतं का गं?”

मी तोंडावर बोलणारी बाई. आयुष्यात कोणाचीही भीड ठेवली नाही.

“नव्हतं,” मी म्हणाले.

आबांनी हात कानामागे धरला. सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच. “काय?”

“नव्हतं! ओलं होतं!” वर पत्र्यांवर पाऊस कोसळत होता, मला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागलं.

नवऱ्याचा कप तोंडाशी थांबला. तो माझ्याकडे बघतच राहिला. आणि मागून सासूबाईंचा आवाज आला, पावसालाही पुरून उरणारा. “ओलं होतं म्हणतेय ती! चांगलं चिंब होतं! मी स्वतः हात लावून बघितलेलं!”

सासूबाई या वर्षी ओढ्याकाठी गेल्याच नव्हत्या.

आबांनी सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मिरचे, खोटं बोलायचं तर माणसाने जरा हळू बोलावं.”

“हळू बोलले असते तर तुम्हाला ऐकू आलं असतं का?”

माझ्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

“नसतं आलं,” आबा म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

मग त्यांनी ट्रॉलीतून मूठभर गवत ओढलं, त्याला सावकाश पीळ दिला आणि ती मूठ माझ्या कानाशी धरली.

“वाजतंय?”

“वाजतंय, आबा.”

“चांगलं वाजतंय?”

“खूप!”

“मग म्हण.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचं बोट कुठेच गेलं नाही. त्या दोन्ही हातांनी कप धरून बसल्या होत्या.

“वाळलं,” मी म्हणाले. आबांनी मान हलवली आणि ती मूठ ढमीपुढे टाकली.