शून्य आलेला रिपोर्ट

साठ वर्षं कुवाबाराची तब्येत ठणठणीत होती. एकसष्टाव्या वर्षी काखेतल्या गाठींनी बंड केलं. मोठ्या इस्पितळाने आजाराचं नाव सांगितलं, कॅसलमन. चोर नसताना पहारेकऱ्यांनी दवंडी पिटत सुटावं, तसला प्रकार. या दवंडीला डॉक्टर लोक इंटरल्युकिन-सहा म्हणतात. ती ऐकून अंगात ताप भरे, वजन उतरे आणि लिव्हर रक्तात सीआरपी, म्हणजे संसर्ग-सुजेची खूण, ओतत बसे. मग दर पंधरा दिवसांनी सलाइनमधून औषध सुरू झालं आणि दवंडी कुणाला ऐकूच येईना. कुवाबारा माणसात आला.

गल्लीतला डॉक्टर तामाकी त्याचा शाळेपासूनचा मित्र, शिवाय वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याला इस्पितळाने पत्र पाठवलं: या औषधावर संसर्ग झाला तरी सीआरपी वाढत नाही, तापही फारसा येत नाही, रोगी काय सांगतो ते ऐका. तामाकीने पत्रावर शिक्का उमटवला, पोच धाडली, पत्र फायलीला लावलं. जपानच्या साकाई शहरात शिक्का उमटला की काम झालं असं धरतात.

नोव्हेंबरात गटारसफाईचा रविवार आला. घरटी एक माणूस, फावड्यासकट. आदल्या दिवशी कुवाबारा खोकत दवाखान्यात गेला.

"छातीत सुया टोचल्यागत होतंय रे. जिना चढवत नाही. उद्या मला सोड."

तामाकीने रक्त काढून यंत्रात घातलं. थोड्या वेळाने कागद बाहेर आला.

"सीआरपी शून्य! माझंसुद्धा इतकं चांगलं येत नाही. दरवर्षी गटार आलं की तुझी छाती दुखते."

"गेल्या वर्षी कंबर होती."

"तेच म्हणतोय मी."

रविवारी सगळ्या गल्लीदेखत तामाकी म्हणाला, "कुवाबाराच्या रक्तात काही नाही, मी स्वतः पाहिलंय!" लोक हसले. कुवाबाराची बायको फुसाए त्याची बाही ओढत म्हणाली, "अहो, घरी चला." पण मित्रानेच खोटं पाडल्यावर घरी जायचं कुठल्या तोंडाने? कुवाबारा गटारात उतरला आणि तिसऱ्या बादलीला चिखलातच बसला.

दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. चौथ्या दिवशी तो नीट बोलू लागला, तेव्हा मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्ही कळवलं होतं की!" त्यांनी पोच दाखवली. शिक्का ठसठशीत होता, जराही तिरका नाही.

संध्याकाळी तामाकी खरबूज घेऊन आला आणि माफी मागायला कमरेत वाकला.

"यंत्राने फसवलं रे मला."

"यंत्र मला ओळखत नाही. तू ओळखतोस. पंचावन्न वर्षांत किती वेळा खोटं बोललो तुझ्याशी?"

तामाकीने वाकल्या वाकल्या प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "गेल्या वर्षीची कंबर धरून?"

"धरून."

"एकदा."

फुसाएने खरबूज कापलं. कुवाबाराने एक फोड त्याच्यापुढे सरकवली.

"खा. पुढच्या महिन्यापासून मी स्टेशनपलीकडच्या डॉक्टरकडे जाणार. नवा आहे, मला ओळखत नाही. त्याने ऐकलं नाही, तर निदान वाईट तरी वाटणार नाही."