दहापैकी दहा

पद्माकरराव आयुष्यात कधी नापास झाले नव्हते, आणि त्याचा जाच त्यांच्या सुनेला, संध्याला, लग्न होऊन जर्मनीत गेर्लिंगेनला आल्यापासून सोसावा लागत होता. सासरे साठच्या दशकात पुण्याहून आलेले इंजिनिअर. जर्मनांना जर्मन शिकवतील अशा थाटात वावरायचे. आता निवृत्त, विधुर, मधुमेही आणि चोवीस तास घरात. सुनेच्या आमटीपासून तिच्या उच्चारांपर्यंत त्यांना काहीही चालत नसे. तिलाही ते चालत नसत, हे सांगून टाकलेलं बरं.

संध्या पायांच्या निगेच्या एका दवाखान्यात बिलं बघायची. मधुमेह्यांची नखं कापणं, घट्टे काढणं अशी कामं तिथे होत. पायांची संवेदना गेली आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं, की संध्या बिलावर एक कोड टाकायची आणि खर्च क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्यविमा, उचलायचा. संवेदना शाबूत असेल तर तीच नखं आणि तीच कात्री, पण बिलावर शब्द यायचा ‘कॉस्मेटिक’.

तो शब्द एक दिवस खुद्द पद्माकररावांच्या बिलावर आला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावून तळव्यावर जागोजागी नायलॉनचा दोरा टेकवून पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी ह्यांनी ‘जा’, म्हणजे जर्मनमधलं ‘हो’, म्हटलं होतं. दहापैकी दहा. निकाल त्यांनी आत्मारामकाकांना, म्हणजे आपल्या जुन्या मित्राला, लगेच फोनवर कळवलाही होता. आता त्यांना पहिला नंबरही हवा होता आणि कोडही.

“मी काय नखांना रंग लावून घेणारी बाई आहे?” त्यांनी बिल टेबलावर आपटलं. “कोड बदल.”

असा कोड टाकला तर ती लबाडी होईल आणि माझी नोकरी जाईल, असं संध्याने सांगितलं. पण तिच्या मनात वेगळंच काही सलत होतं. मागच्याच आठवड्यात हा माणूस नातवाच्या खेळण्यातला ठोकळा बुटात घेऊन अख्खा बाजार फिरून आला होता, आणि मोजा रक्ताने भिजला तेव्हा कुठे घरात कळलं. तेही तिने तोंडावर सांगितलं. तुम्हाला पायांत काही कळत नाही, डॉक्टरांपुढे खरं बोला, नाहीतर एक दिवस पाय कापायची वेळ येईल.

“माझे पाय जायची वाटच बघतेयस तू,” ते म्हणाले.

तिचा नवरा मयुरेश जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला आणि रिकाम्या बाटल्या टाकायला खाली निघून गेला. भांडणाच्या वेळी त्याला बाटल्या हमखास आठवत. त्या दिवसापासून पद्माकररावांनी सुनेकडे बघणंच सोडलं.

दसरा नेहमीप्रमाणे रविवार गाठून साजरा झाला. उन्हाळ्यातल्या फुटबॉल वर्ल्डकपचे झेंडे समोरच्या बाल्कन्यांत अजून लटकत होते. आत्मारामकाका आले होते. मयुरेशने वडिलांना नमस्कार केला, नातवाने केला, आणि संध्या पुढे येताच पद्माकररावांनी मान भिंतीकडे फिरवली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खाली बसली, दोन्ही हात त्यांच्या पायांवर ठेवले आणि चांगली नखं रुतवली. म्हातारा कळवळावा, चारचौघांत एकदा तरी ओरडावा, एवढीच तिची इच्छा होती.

“आल्झो, तर मग आत्माराम, बघ,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “वर्षाचा सण, आणि सूनबाई अजून नमस्काराला येतायत. का त्यालाही आता कोड लागतो?”

आत्मारामकाका त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

“बाबा,” संध्या खालून म्हणाली, “माझे हात तुमच्या पायांवरच आहेत.”

त्यांनी खाली पाहिलं. नखांच्या लाल खुणा उमटल्या होत्या, एका ठिकाणी रक्ताचा ठिपकाही आला होता. संध्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. पद्माकररावांनी मान पुन्हा भिंतीकडे वळवली.

“दोरा टेकवायला वाकली की त्या बाईची खुर्ची करकरायची,” ते म्हणाले. “करकरली की मी ‘जा’ म्हणायचो.”

“उद्या मी बरोबर येते. तिला उभं राहून तपासायला सांगते.”

“आणि नापास झालो तर?”

“नापासच व्हायचंय, बाबा.”

“मला शिकवू नकोस,” भिंतीकडे बघतच ते खेकसले. “आणि हात काढ आधी माझ्या पायांवरून.”

तिने ते केव्हाच काढले होते.